आवाज चालू, चित्र अडकलेलं: अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपांचं प्रकरण

यूट्यूबवर १०८०पीमध्ये लेक्चर लावलं की चार-पाच मिनिटांत चित्र अडकत अडकत पुढे सरकतं, सरांचा आवाज मात्र नीट ऐकू येत राहतो. पंखा घोंघावायला लागतो. लॅपटॉपची डावी कड हात ठेववत नाही इतकी तापते. तक्रार ही एवढीच, पण ती जवळजवळ प्रत्येक टेबलावरून येत होती.

जागा म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची अभ्यासिका. मुलं-मुली राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती यांचा अभ्यास करतात. ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्यांच्यासाठी समितीने पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून ऑफिसात वापरलेले जुने लॅपटॉप घेतले होते. सगळे एकाच मॉडेलचे: इंटेल कोअर आय५-४३००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०, १३६६ × ७६८ पिक्सेलचा पडदा. तिथल्या संगणकांची देखभाल मी बघतो.

“मग ३६०पीवर बघा की,” असा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता. मला तो पटत नाही. लेक्चर म्हणजे नुसतं ऐकायचं प्रकरण नाही. फळ्यावर कृष्णेच्या उपनद्यांचा नकाशा असतो, पंचवार्षिक योजनांचा तक्ता असतो, बारीक अक्षरात कलमांचे क्रमांक असतात. कलम ३५२ आणि ३५६ यांच्यातला शेवटचा आकडा ३६०पीवर खरंच ओळखू येत नाही, आणि परीक्षेत प्रश्न नेमका त्यावरच येतो. शहरातल्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तो व्हिडिओ हाच वर्ग आहे. त्यात फळा स्पष्ट दिसलाच पाहिजे.

मी बघायला बसलो तोवर बरंच करून झालं होतं. इंटरनेटचा प्लॅन वाढवला होता, राउटर कपाटावरून काढून हॉलच्या मधोमध लावला होता. विक्रेत्याने फोनवरच निदान केलं होतं की रॅम कमी पडते, १६ जीबी करून घ्या. त्याचा अंदाजही समितीसमोर आला होता. पण सगळ्यांचा खरा संशय नेटवरच होता, कारण तक्रारी परीक्षेच्या आधीच्या महिन्यात वाढायच्या आणि तेव्हाच अभ्यासिका भरलेली असायची. “दादा, एवढी माणसं एका वायफायवर, मग अडकणारच ना?” असं एक मुलगी मला म्हणाली. तिचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, पण लक्षण त्याच्याशी जुळत नव्हतं.

नेट कमी पडलं तर व्हिडिओ थांबतो. चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, मधोमध गोल फिरायला लागतो. इथे आवाज एकदाही तुटत नव्हता. ब्राउझर आवाजाला घड्याळ मानतो. कानाला तुटलेला आवाज लगेच खटकतो, म्हणून आवाज वेळेवर पुढे नेला जातो आणि ज्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) वेळेत तयार होत नाहीत त्या सरळ टाकून दिल्या जातात. आवाज उलगडायला प्रोसेसरला फारसे कष्ट नसतात, चित्राला असतात. तेव्हा आवाज अखंड आणि चित्र तुटक असेल तर माल घरात पोचलेला आहे, उलगडणारा मागे पडतोय, असंच समजायचं.

हे लक्षणावरून म्हटलं. आता पुरावा. चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबलं की मेन्यूत ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ असा पर्याय येतो. तो निवडला की आकड्यांची काळी चौकट उघडते. त्या काळ्या चौकटीतल्या तीन ओळींवर हे प्रकरण सुटलं. ‘बफर हेल्थ’ या ओळीत चाळीस सेकंदांच्या वर आकडा होता, म्हणजे पुढच्या चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलेला. त्याच वेळी ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा दर सेकंदाला वाढत होता. नेट तिथेच निर्दोष सुटलं.

दुसऱ्या बाजूला टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राच्या कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून ठेवला. प्रोसेसर नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर, मधूनच शंभर. रॅम निम्म्यापेक्षा थोडी जास्त भरलेली, म्हणजे १६ जीबीच्या अंदाजाचाही प्रश्न मिटला. पण मला बघायचा होता तो ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख. तो तळाला आडवा पडलेला होता, शून्यावर. प्रोसेसर धापा टाकतोय आणि ज्या भागाचं हे काम आहे तो रिकामा बसलाय. हाच या प्रकरणाचा गाभा.

तो रिकामा का बसला, याचं उत्तर त्याच काळ्या चौकटीतल्या तिसऱ्या ओळीत होतं. ‘कोडेक्स’ (व्हिडिओ आवळायची रीत) या शब्दापुढे ‘व्हीपी०९’ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं आणि कंसात २४८. म्हणजे १०८०पीचा व्हीपी९ प्रवाह. त्याच लॅपटॉपवर, त्याच वेगाने, एका छोट्या चॅनेलवरचं चालू घडामोडींचं लेक्चर लावून बघितलं. तिथे ओळ ‘एव्हीसी१’ने सुरू झाली, कंसात १३७. चित्र बिनअडथळा. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास, आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख उठून बसलेला.

व्हिडिओ जसाच्या तसा पाठवणं अशक्य असतं, म्हणून तो आवळून पाठवतात. आवळायच्या रीती वेगवेगळ्या. एच.२६४, म्हणजेच एव्हीसी, ही २००३ मधली. गूगलने व्हीपी९ची रचना पक्की केली जून २०१३ मध्ये. त्याच जून २०१३ मध्ये इंटेलचे चौथ्या पिढीचे ‘हॅसवेल’ प्रोसेसर बाजारात आले, आणि आमचा ४३००यू त्याच कुळातला. चिपचा आराखडा बाजारात येण्याच्या कितीतरी आधी गोठवलेला असतो. त्यामुळे त्या चिपमधल्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला एच.२६४ पक्कं येतं, पण व्हीपी९ नावाची रीत त्याला ठाऊक असणंच शक्य नव्हतं. हा भाग म्हणजे सोऱ्याला एकच ताटली कायमची झाळून बसवल्यासारखा असतो: शेवेची असेल तर शेव झरझर पडेल, चकली पडणार नाही. पुढे ड्रायव्हरमधून (विंडोज आणि ग्राफिक्सची चिप यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) व्हीपी९चं थोडं काम ग्राफिक्सच्या सर्वसाधारण गणकांकडे वळवायचा मार्ग काढला गेला, पण तो अर्धाच, आणि आमच्या यंत्रांवर क्रोमने तो वापरला नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘मीडिया’ पानावर डिकोडरचं, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्याचं, नाव दिसतं. तिथे ‘व्हीपीएक्स व्हिडिओ डिकोडर’ असं स्पष्ट होतं. म्हणजे सगळी उलगड सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसरच्या दोन कोअरच्या जिवावर.

इंटेलमध्ये सहाव्या पिढीतही व्हीपी९ अर्धवटच आहे. पूर्ण व्हीपी९ येतं ते सातव्या पिढीपासून. जुना लॅपटॉप घेताना हा फरक कुणी सांगत नाही. विक्रेता रॅम सांगतो, एसएसडी सांगतो, फार तर ‘आय५ आहे’ म्हणतो. चौथ्या पिढीचा आय५ आणि आठव्या पिढीचा आय५ यांच्यात व्हिडिओच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कुठलीही रॅम तो भरून काढत नाही.

मग यूट्यूब या लॅपटॉपला व्हीपी९ पाठवतं तरी का? कारण ब्राउझर ‘चालेल’ असं उत्तर देतो. पान ब्राउझरला विचारतं की हा प्रकार तुला चालवता येईल का, आणि ब्राउझरकडे सॉफ्टवेअर डिकोडर असल्यामुळे ‘हो’ हे उत्तर खरंच असतं. ‘अडखळल्याशिवाय आणि कमी विजेत चालवता येईल का’ हा वेगळा प्रश्न आहे. तोही विचारायची सोय आता ब्राउझरमध्ये आहे, पण व्हिडिओची निवड दर वेळी त्या उत्तरावर होत नाही. पाठवणाऱ्याची बाजूही समजण्यासारखी आहे. तितक्याच दर्जाचं चित्र व्हीपी९मध्ये बऱ्याच कमी डेटात जातं आणि त्याला एच.२६४सारखी पेटंटची रॉयल्टी लागत नाही.

इथवर एक गोष्ट उलगडली नव्हती. त्याच टेबलावर, तेच लेक्चर, सकाळी बसणाऱ्या मुलाची काही तक्रार नव्हती आणि संध्याकाळी बसणाऱ्या मुलीला ते बघवत नव्हतं. तिच्या शेजारी बसलो तेव्हा सरांचा आवाज चिरका आणि घाईघाईचा ऐकू आला. ती दुप्पट वेगाने बघत होती. उजळणी सगळेच अशी करतात. परीक्षा जवळ आली की दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट. नेटवर खापर फुटण्याचं कारण इथे होतं: परीक्षेच्या महिन्यात गर्दी वाढते हे खरं, पण वेगही तेव्हाच वाढतो.

हिशेब मांडून बघा. १०८०पीची एक फ्रेम म्हणजे १९२० × १०८०, अर्थात २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सुमारे ६ कोटी २२ लाख पिक्सेल दर सेकंदाला उलगडायचे. वेग दुप्पट केला की सेकंदाला ६० फ्रेम, साडेबारा कोटींच्या घरात. एका फ्रेमला मिळणारा वेळ ३३ मिलिसेकंदांवरून साडेसोळावर येतो. हा प्रोसेसर साध्या वेगाला कसाबसा पुरा पडत होता. दुप्पट वेगाला त्याचा श्वास संपत होता. आणि काही क्लासवाले पडद्याचं रेकॉर्डिंग मुळातच ६० फ्रेमने करतात. ते दुप्पट वेगाने लावलं तर सेकंदाला १२० फ्रेम उलगडायच्या. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, म्हणजे त्यातल्या निम्म्या दिसणारच नाहीत, कष्ट मात्र सगळ्यांचे.

पडद्याचा मुद्दाही इथलाच. १३६६ × ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल. त्यावर १०८०पी लावलं तर उलगडलेल्यांपैकी निम्मे पिक्सेल आकसून जातात. ७२०पी या पडद्याच्या मापाला जवळचं आहे. तरी मुलं १०८०पीच निवडतात, आणि मी त्यांना दोष देत नाही: फळ्यावरचं बारीक अक्षर ७२०पीमध्ये कडेला पुसट होतं, १०८०पी आकसूनही ठसठशीत दिसतं. रीत बदलून १०८०पी सुखाने चालत असेल तर का नको?

उपाय

क्रोमच्या अधिकृत दुकानातून ‘एन्हान्स्ड एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घातलं. त्याचं मुख्य काम एकच. पानाने ‘व्हीपी९ चालेल का’ विचारलं की ब्राउझरऐवजी ते ‘नाही’ म्हणतं. एव्ही१ या त्याहून नव्या रीतीलाही तेच उत्तर. मग यूट्यूब निमूटपणे एच.२६४ पाठवतं. ६० फ्रेमचे प्रवाह अडवायचीही सोय त्यात आहे, ती मी चालू केली. लेक्चरला ३० फ्रेम भरपूर झाल्या. पान ताजं केल्यावर कोडेकच्या ओळीत ‘एव्हीसी१’ आलं, दुप्पट वेगाला प्रोसेसर तिशीच्या आत राहिला आणि टाकून दिलेल्या फ्रेमचा आकडा जागच्या जागी थांबला. पंख्याचा आवाज खाली यायला दोन-तीन मिनिटं लागली.

याची किंमत डेटात मोजावी लागते. एच.२६४मध्ये तेच लेक्चर जास्त डेटा खातं. अभ्यासिकेत फायबर आहे म्हणून चाललं, पण लाइट गेल्यावर मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतात, तेव्हा ७२०पीवर यायला सांगितलं आहे. आणि यूट्यूबवर एच.२६४ची हद्द १०८०पीपर्यंतच आहे. १४४०पी आणि ४के फक्त व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये मिळतात. आमच्या पडद्यांना त्याचा काही फरक पडत नाही.

पण सगळे लॅपटॉप एवढ्यावर सुधारले नाहीत. दोन यंत्रांवर ‘एव्हीसी१’ येऊनही प्रोसेसर चढाच राहिला. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं पानच नव्हतं. त्या दोन्हींवर पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नाही, अशी जुनी तक्रार वहीत लिहिलेली सापडली. खूण तीच होती. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर डिस्प्लेच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. विंडोज नव्याने टाकल्यावर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसलाच नव्हता. पडदा दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही, पण व्हिडिओ उलगडणाऱ्या भागापर्यंत पोचायचा रस्ताच त्यामुळे बंद असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला, यंत्र परत चालू केलं, आणि उजेड व व्हिडिओ दोन्ही तक्रारी एकदम गेल्या.

एका यंत्रावर मात्र ड्रायव्हर होता, क्रोममध्येच ‘उपलब्ध असेल तेव्हा ग्राफिक्स ॲक्सिलरेशन वापरा’ हे बटण बंद केलेलं होतं. एका मुलाने पडदा काळा होतो म्हणून कुठल्यातरी व्हिडिओत बघून ते बंद केलं होतं. याबद्दल मला जरा ठासून बोलायचं आहे. ‘ब्राउझर अडकतोय? हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा’, म्हणजे हेच बटण बंद करा, हा सल्ला आजकाल सर्रास दिला जातो, आणि कधी कधी तो लागू पडतोही: ड्रायव्हर बिघडलेला असेल, पडद्यावर हिरवे पट्टे येत असतील, तेव्हा. पण तो निदानाचा उपाय आहे, कायमचा नव्हे. बंद केल्यावर पट्टे गेले तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे हे कळलं. मग ड्रायव्हर दुरुस्त करायचा आणि बटण परत चालू करायचं. ते बंदच ठेवलं तर व्हिडिओचा सगळा भार पुन्हा प्रोसेसरच्या डोक्यावर येतो, शिवाय पान रंगवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. प्रोसेसर तापतोय अशी तक्रार असणाऱ्याला हा सल्ला देणं म्हणजे नेमकं उलट औषध देणं आहे. त्या यंत्रावर नवा ड्रायव्हर घालून बटण चालू केलं. काळा पडदा परत आला नाही.

आठवड्याभराने पुन्हा कुरबुर सुरू झाली, आणि गंमत म्हणजे सुधारलेल्याच यंत्रांवर. कारण साधं होतं. यंत्रं सामायिक असल्यामुळे मुलं आपलं खातं इन्कॉग्निटो खिडकीत उघडतात, आणि हे त्यांचं शहाणपणच आहे. पण इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाहीत. एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ‘इन्कॉग्निटोमध्ये परवानगी’ वेगळी द्यावी लागते. ती प्रत्येक यंत्रावर दिली. क्रोमच्या पाहुणा खिडकीत तर एक्स्टेन्शन मुळीच चालत नाहीत, म्हणून ती वापरू नका असं सांगावं लागलं.

दोन-चार यंत्रांच्या जाळीत धुळीचा नमदा झाला होता. व्हिडिओ चालू असतानाही टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्‌झच्या खाली घसरलेला दिसला की समजायचं, तापून स्वतःच दमाने घेतोय. ब्लोअर मारून घेतला.

रॅमचा अंदाज समितीने बाजूला ठेवला. पैसे पुढच्या खरेदीसाठी राखले आहेत, कारण खरी अडचण आता दुसरीकडून येते आहे. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे हे लॅपटॉप ठेवायचे तर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली. एका यंत्रावर घालून बघितलं आहे. लिनक्सवर फायरफॉक्स ११५ पासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, इंटेलच्या ग्राफिक्सवर हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू असतं, पण हॅसवेलसाठी इंटेलचा जुना ‘आय९६५’ व्हीए ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. घातल्यावर टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ ही चिपला येणाऱ्या रीतींची यादी दाखवणारी आज्ञा चालवली. यादीत एच.२६४ आलं, व्हीपी९ नव्हतं, म्हणजे तिथेही तेच एक्स्टेन्शन हवं. फायरफॉक्ससाठी ते मिळतं. दुप्पट वेगाची परीक्षा त्या यंत्राने पास केली. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बसवून ते आता मुलांच्या हातात दिलं आहे. महिनाभर कुणाची तक्रार आली नाही तर बाकीचे तसेच करायचे ठरलं आहे.

नवी खरेदी होईल तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न पिढीचा विचारायचा, हे वहीत लिहून ठेवलं आहे. आठव्या पिढीचा लॅपटॉप व्हीपी९ सहज पचवेल. एव्ही१ मात्र इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासूनच, हार्डवेअरमध्ये आहे, आणि यूट्यूब आता अनेक लेक्चरं एव्ही१मध्ये पाठवतं. त्यासाठी निदान एक्स्टेन्शनची गरज नाही. यूट्यूबच्या खात्यात ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’मध्ये एव्ही१ फक्त साध्या दर्जासाठी वापरायचा पर्याय आहे. मग एचडी लेक्चर व्हीपी९मध्ये येतं. ही सेटिंग प्रत्येकाने आपापल्या खात्यात जाऊन करून घ्यायची आहे. ती कुठे सापडते त्याचं चित्र छापून सूचनाफलकावर लावलं आहे.